भुयारातलं वायफाय आणि पदूकाका

"जिना उतरू नको गो! वरच थांब! माझा अजून सांगून झाला नाय!"

या आवाजानं चिंचणीच्या समुद्रात दोन होड्या कलंडल्या आणि घिवलीपर्यंतचे बगळे उडाले. आवाजाचे मालक पदूकाका मात्र आपल्या पडवीत पाटावर मांडी घालून बसले होते. समोर ताट, ताटापलीकडे तांब्याला टेकवलेला मोबाइल, मोबाइलात मालूकाकू, आणि काकूंच्या मागे मुंबईच्या भुयारी गाडीचा सरकता जिना.

"अहो, शाळा सुटेल नातीची. तुम्ही जेवायला लागा बघू," असं म्हणता म्हणता काकूंच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. मग काकू थिजल्या, मग अंतर्धान पावल्या.

"गिळली परत जमिनीनं!" काकांनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि काकू पुन्हा वर येईपर्यंत मुंबईला शिव्या द्यायला ते वाडीत निघून गेले.

हे रोज दुपारी. मी शेजारी राहतो, बोईसरला कंपनीत रात्रपाळी करतो आणि दुपारी झोपतो. म्हणजे झोपायचो.

पदूकाकांचा मुलगा आणि सून मुंबईत नोकरीला. नात शाळेत जायला लागली, तिला आणायला माणूस हवं, म्हणून काकू तिकडे गेल्या आणि काका चिकूची वाडी सांभाळायला इथं राहिले. सांभाळायला म्हणजे फोन धरायला. चहात साखर किती इथपासून मागच्या दाराची कडी लावली का इथपर्यंत सगळी वाडी काकूच मुंबईत बसून चालवतात. चंद्रावर यान सोडणाऱ्यांनाही आपल्या यानाची इतकी बित्तंबातमी नसेल. फक्त ऐन जेवणाच्या वेळी काकू नातीला आणायला भुयारात उतरल्या की संपर्क तुटायचा.

"एवढी गाडी जमिनीखालून पळवली, डबे थंडगार केले, आणि एक वायफाय नाय लावता आला?" हा प्रश्न काका मासळीवालीला विचारत, पोस्टमनला विचारत, आमच्या कंपनीच्या बसवाल्याला भर रस्त्यात गाडी थांबवून विचारत. आता काकांची पडवी सोडता आमच्याकडे जमिनीच्या वर रेंज हवी असेल तर गच्चीच्या एका कोपऱ्यात एका पायावर उभं राहावं लागतं. पण काकांना काळजी जमिनीखालची.

शेवटी त्यांनी मोबाइलवरून भुयारी गाडीवाल्यांकडे रीतसर तक्रार ठोकली. तिकडच्या यंत्रानं क्षणात उत्तर दिलं, की आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. काकांनी ते माकुणसारच्या व्याह्यांना फोन करून वाचून दाखवलं. मलाही झोपेतून उठवलं. "बघ रे कंपनीवाल्या, अत्यंत म्हटलाय. नुसती महत्त्वाची नाय!" दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रानं विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? काकांनी जे दिलं ते ताऱ्यांत मोजण्यासारखं नव्हतं. मग एका जिवंत माणसानं कळवलं, की भुयारात लहरी पोचवणं जरा अवघड असतं.

"अवघड? दाखवतोच यांना!"

आणि काकांनी प्रयोगासाठी आपली विहीर निवडली.

चिकू काढायची बेडणी असते, लांबलचक बांबू आणि टोकाला जाळी. त्या जाळीत राउटर बसवला. राउटर माझा. लांब वायर जोडली. जन्मभर चिकू काढत आलेल्या जान्यानं सगळ्या गावासमक्ष बेडणी विहिरीत उतरवली. पुरावा म्हणून मी व्हिडिओ काढत होतो. खोटं सांगत नाही, काठावर काकांच्या मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या. "आला! पाताळातून आला!" म्हणत काका नाचायला लागले, आणि तेवढ्यात जान्यानं बेडणीला एक सुरेख झटका दिला.

डुबुक.

"अरे मेल्या, काय केलास?"

"जाळीत वजन लागला का हात आपोआप झटका देतो, काका."

तेव्हापासून त्या विहिरीतले बेडूक शहाण्यासारखे ओरडतात. काकांनी गाडीवाल्यांना व्हिडिओ पाठवला तो डुबुकसकट. मी काकूंना फोन करून गाऱ्हाणं घातलं, तर त्या म्हणाल्या, "मला तेवढाच वेळ कान मोकळे मिळतात हो भाऊ. न का येईना ते वायफाय!"

पण आलं. भुयारी गाडीत वायफाय सुरू झालं. ते आपल्या विहिरीमुळेच झालं याबद्दल काकांना शंका नाही, आणि काकांना शंका नसली की गावालाही ठेवता येत नाही.

त्या दुपारी शांततेनं मला जाग आली. काही बरंवाईट तर झालं नाही, म्हणून मी धावत काकांच्या अंगणात गेलो.

मोबाइलात काकू गाडीत बसलेल्या होत्या. मागं काळीकुट्ट भिंत पळत होती आणि चित्र जराही हलत नव्हतं.

"बोला आता," काकू म्हणत होत्या. "साऱ्यांचं डोकं खाल्लंत. काय सांगायचं राहिलंय एवढं?"

"काय नाय."

"मग?"

"तू बस तशीच. जरा मधी सरक, अर्धीच दिसतेस."

काकू सरकल्या. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. मोबाइलचा तांब्या जमिनीवर नव्हता. काकांच्या समोर काकूंचा पाट मांडलेला होता आणि तांब्या त्या पाटावर होता.

आज ताटावर ताट नव्हतं. बोंबलाच्या कालवणाची वाफ निघत होती. काकांनी भाकरी मोडली.

"मीठ बरोबर पडलंय?" भुयारातून आवाज आला.

"पडलाय."

काका जेवत राहिले, काकू बघत राहिल्या. मी न खाकरता परत फिरलो.

संध्याकाळी काका कुंपणापाशी भेटले. मी सोडतो होय? म्हटलं, "काका, गाव डोक्यावर घेतलंत, बगळे उडवलेत, माझा राउटर बुडवलात. एवढं वायफाय आल्यावर बोललात तरी काय?"

"बोलायचा काय त्यात?" काका म्हणाले. "गरम जेवलो."