सुट्या मालाची यादी

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे शब्बीरभाई मिरची पारखावी तसं गाणं ऐकतात. आधी देठ बघतात, म्हणजे पहिली दहा सेकंदं. मग डोळे मिटून, मान तिरकी करून निकाल देतात, "रंग आहे. तिखटपणा नाही."

मार्केट यार्डात त्यांचा मिरची-हळदीचा गाळा आहे. वय बासष्ट. या वयाची माणसं जुन्या गाण्यांवर जगतात. शब्बीरभाई विशीतल्या पोरांच्या नव्या अल्बमांवर. कुणी शिलाँगला, आवाज घुमू नये म्हणून खोलीत गादी उभी करून केलेला, कुणी कोथरूडच्या गच्चीवर. पोरं त्याला इंडी म्हणतात. शब्बीरभाई म्हणतात, "सुटा माल. कंपनीचं पाकीट नाही, म्हणून हात घालून बघता येतो."

डिसेंबर आला की वर्षातल्या दहा आवडत्या अल्बमांची यादी ते सोसायटीच्या फळ्यावर लावतात, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी. प्रत्येकापुढे शेरा. 'माल चोख.' 'ओल धरली आहे, पण वास छान.' 'गाणारी बरी, ड्रमवाल्याने पोतं फोडलं.' खाली कुणीतरी पेन्सिलीनं विचारतं, 'लिफ्टच्या दुरुस्तीचा नंबर कितवा?'

यादीखाली सह्या मात्र दोन. "यार्डात तोलणारा एकटा तोलत नाही, सर. काट्यावर दुसऱ्याची नजर हवी." दुसरी सही पूर्वी त्यांच्या पत्नीची, रुखसानाभाभींची असे. त्या गेल्या, त्या वर्षी शब्बीरभाई कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "तुम्ही शाळेतले. पेपर तपासायची सवय आहे."

मला नाही म्हणता आलं नाही.

आता खरं सांगून टाकतो. तीन वर्षांत मी एकही अल्बम ऐकला नाही. ते लिंक पाठवत, मी कानात इयरफोन घालून त्यांच्या गॅलरीखालून फेऱ्या मारी. ते वरून समाधानानं हात करत. माझ्या कानात क्रिकेटची कॉमेंट्री. रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलो की मी म्हणे, "सुरुवात जरा सैल आहे, पण पुढं पकड घेतो." एवढं एक वाक्य मला तीन वर्षं पुरलं. चहा मात्र दर वेळी घाईनं संपवून उठायचो.

यंदा दहाव्या जागेसाठी दोन अल्बम अडून बसले. एक नागपूरच्या मुलीचा, एक खडकीच्या तिघा पोरांचा. शब्बीरभाईंचं आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं.

"सर, माझा काटा मधेच थांबलाय. तुम्ही सांगाल तो."

"खडकी!" मी ठणकावलं. "अहो, त्यातलं ते सातवं गाणं! त्या एकावर जागा द्या."

शब्बीरभाईंनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"सर, त्यात सहाच आहेत."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "शब्बीरभाई, मी हा ऐकला नाही. आधीचेही नाही. एकही नाही. तीन वर्षं खोट्या सह्या केल्या."

ते रागावतील, निदान उठा म्हणतील, असं वाटलं. ते एकदम हसू लागले.

"रुखसानालाही नेहमी शेवटचंच आवडायचं. दुसऱ्या गाण्याला झोपायची. उठून म्हणायची, काय सुंदर होतं हो शेवटचं! एकदा तर अल्बम संपून बातम्या लागल्या होत्या."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? पेन द्यायचो."

आणि त्यांनी पेन पुढं केलं. मी म्हटलं, आधी ऐकतो, मग सही.

"ऐका निवांत. पण रविवारी या."

दुसऱ्या दिवशी यादी लागली. दहावा नंबर खडकी. शेरा: 'सातवं गाणं विशेष.' दुसऱ्या सहीची जागा कोरी. खाली पेन्सिलीनं, 'सातवं सापडत नाही. लिंक पाठवा.'

संध्याकाळी फेरीला गेलो. पहिल्यापासून सगळी ऐकली. सुरुवात खरंच सैल होती. सहावं संपलं, तरी इयरफोन काढले नाहीत. आणखी एक फेरी तसाच चाललो. वर गॅलरीतून शब्बीरभाईंनी हात केला.

मीही केला.