मनाला फॅट किती लागली?

"नवरदेव, आत्ता मनाला फॅट किती?"

अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकांच्या तयारीत, आणि बबनतात्यांचा हा प्रश्न. बिचारा नवरदेव "साडेतीन" म्हणाला. तात्या त्याच्या मामाला म्हणाले, "घाबरलंय. पर भेसळ न्हाय."

बबनतात्या आमचे वरकुट्यातले शेजारी. दूध केंद्रावर दुधाची फॅट काढण्यात, म्हणजे स्निग्धांश मोजण्यात, त्यांचा जन्म गेला. माणसांची फॅट काढायचं खूळ मात्र बारामतीच्या मनाच्या डॉक्टरांमुळं शिरलं. त्यांची बायको, आमच्या काकू, वर्षभर गप्प होत्या. जेवण सुटलं, झोप उडाली. पण डॉक्टरांपुढं दर महिन्याला एकच उत्तर, "बरं हाय."

डॉक्टर वैतागले. "एवढ्यावर मी गोळी वाढवू की कमी करू? तात्या, घरात, शेतात, काम करता करता त्यांना विचारत जा, आत्ता कसं वाटतंय. शून्य ते दहा."

आकडा म्हटल्यावर तात्यांना हुरूपच आला. त्यांनी गजराचं डिजिटल घड्याळ घेतलं. ते पीं पीं करायला लागलं की समोर असेल त्याची फॅट निघायची. कीर्तनात बुवांचीही निघाली. निवडणुकीत आपटलेले अण्णा म्हणाले, "लई आनंद हाय. जनतेचा कौल मान्य." तात्यांनी जागीच निकाल दिला, "पानी हाय ह्यात. कॅन परत न्या."

गाव हसायचं, मीही हसायचो. एकदा मात्र वैतागून म्हणालो, "तात्या, औषध काकूंना चालू आहे ना? मग आमची फॅट कशाला काढता?"

तात्या आवाज खाली आणून म्हणाले, "एकटीलाच इचारलं तर तिला वाटतंय, आपुनच बिघडलोय. समद्या गावाला इचारलं, की ती बी सांगती."

मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी त्यांना खराखुरा आकडा सांगू लागलो.

एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो. घड्याळ वाजलं.

"किती गं?"

"चार," काकू आतून म्हणाल्या. मग पदराला हात पुसत उंबऱ्यात आल्या. "अवं, आन तुमचं?"

तात्यांना आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यांनी तोंड उघडलं, पण आकडा काही येईना. डोळेच भरून आले.

काकू त्यांच्याजवळ टेकल्या.

"सावकाश सांगा. मी बसलीया हितं."