बावीस पॉइंटांचा टॅग

यंदा एल्क हरीण मारणार म्हणजे मारणारच, असं मी वसंतातच अख्ख्या गावाला सांगून टाकलं होतं. का नाही सांगणार? त्या एका डोंगराच्या टॅगसाठी, म्हणजे शिकारीच्या परवान्यासाठी, मी बावीस वर्षं सोडतीत अर्ज भरतोय! दरवर्षी नकार येतो आणि सांत्वन म्हणून एक पॉइंट मिळतो. पॉइंट जितके जास्त, तितका नंबर पुढे. बावीस पॉइंट साठेपर्यंत माझे दोन घोडे म्हातारे होऊन मेले!

आणि जूनमध्ये लागला की हो टॅग!

"लोर्ना! लागला! ऑक्टोबरचा दुसरा शनिवार ते बुधवार!"

बायको पॅनकेक उलटत होती. "त्या शनिवारी ट्रेसाचं लग्न आहे. नेब्रास्कात, कोल्बीच्या आजीच्या शेतावर."

"ही तारीख ठरवली कुणी?"

"मी. तुला विचारूनच, वर्न. तू म्हणालास, 'ठेव खुशाल, मला कुठे टॅग लागतोय!'"

म्हणालो होतो. पण माझं बोलणं या घरात आजवर कुणी मनावर घेतलंय का? नेमकं हेच घ्यायचं?

"आठवडाभर पुढे ढकल ना!"

"तंबू ठरला, बँड ठरला, दीडशे पत्रिका गेल्या. पोरीचं लग्न आहे, दाताच्या डॉक्टरची वेळ नाही!"

दोन दिवस मी धुमसलो. तिसऱ्या दिवशी ट्रेसा लग्नाचा झगा घालून दाखवायला आली आणि मी संपलो. सरळ वन्यजीव खात्याच्या खिडकीवर गेलो.

"बावीस पॉइंटांचा टॅग परत?" खिडकीतली बेव्ह ओरडली. "ताप आहे का तुला?"

"मुलीचं लग्न आहे."

"एकुलती एक?"

"हो."

"मग अवघड आहे. असू दे, पॉइंट परत मिळतील."

"आणि गुडघे? सदुसष्टाव्या वर्षी ते कुठल्या खिडकीवर परत मिळतात?"

परत आलेले टॅग बुधवारी सकाळी अकराला वेबसाइटवर टाकतात. जो आधी बटण दाबेल त्याचा! कुठल्या चोराला मिळतोय, ते बघायलाही मी थांबलो नाही.

त्याच बुधवारी दुपारी आमचा होणारा जावई कोल्बी धापा टाकत आला. लग्नाआधीच मला बाबा म्हणतो.

"बाबा! कुणा येड्याने त्या डोंगराचा टॅग परत केला होता! अकराच्या ठोक्याला बटण दाबलं, मलाच मिळाला!" मग त्याचा चेहरा पडला. "पण त्या शनिवारी तर लग्न..."

मी खुर्ची ओढून आरामात बसलो. आता लोर्ना याला कशी सोलते ते बघायचं होतं.

लोर्नाने फोन उचलला. आजीशी चार मिनिटं बोलली. लग्न एक आठवडा पुढे गेलं!

"तंबू?" मी किंचाळलो. "बँड? दीडशे पत्रिका?"

"कळवू सगळ्यांना. पोराला आयुष्यात पहिल्यांदा टॅग लागलाय, वर्न. जरा मोठं मन कर!"

ट्रेसाने त्याला मिठी मारली. मला कुणी मारली नाही.

तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मी डोंगरावर जातोय. कोल्बीला ना घोड्यावर खोगीर घालता येतं, ना चुलीवर बीन्स शिजवता येतात. वाटेत त्याला तो येडा शोधून हात मिळवायचाय म्हणे. मी म्हटलं, बघू, भेटेल कुठेतरी.