आठ वाजताचा नरसय्या

शिवप्पाअण्णा पासवर्ड टाकायला बसले की खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करतात. आमच्या रक्तपेढीचे मोठे डॉक्टरसुद्धा एकदा मुकाट्यानं कॅलेंडर वाचत उभे होते.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. आमचा डेटाबेस सर्व्हर सांभाळतात. रक्तदाते, रुग्ण, तारखा, सगळं त्यातच. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचा पासवर्ड बदलणार. आणि काही बिघडलं की एकच पालुपद, "लॉग वाचल्याबिगर बोलायचं न्हाय." लॉग म्हणजे सर्व्हरची हजेरीवही. कोण आत आलं, कोणाला दारातूनच परत पाठवलं, सगळं तिच्यात.

मध्यंतरी अक्कलकोटकडची एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, आणि ही दहा दिवस उशिरा. पोर पार पांढरी पडलेली. मी चिडलोच.

"मेसेज आला न्हाय की ओ. दर येळी येतोय," ती म्हणाली.

चौकशी केली तर महिनाभर कुणालाच मेसेज गेला नव्हता. अण्णांनी लॉग उघडला. रोज सकाळी आठला तीच ओळ : नरसय्या, पासवर्ड चुकला, प्रवेश नाही.

माझ्या अंगावर काटा आला. नरसय्या आमचा जुना तंत्रज्ञ, अण्णांच्या डब्यातला वीस वर्षांचा वाटेकरी. महिन्यापूर्वीच वारला होता.

"भूत न्हाय, मशीन हाय. कुटं हाय ते हुडकायचं," अण्णा म्हणाले.

"तोवर पासवर्डच काढून टाका," डॉक्टर म्हणाले.

"आन् दार सताड उघडं ठिवू व्हय? लई सोपं हाय!"

दोन दिवस अण्णा लॉगमधला मशीनचा नंबर चिठ्ठीवर घेऊन टेबलांखाली रांगत होते. शेवटी फ्रीजमागे धूळ खात चालू असलेला जुना कॉम्प्युटर सापडला. रोज आठला त्याच्याच नाव-पासवर्डानं सर्व्हरमध्ये शिरून पालकांना आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम नरसय्यानं त्यावर कुणाला न सांगता बसवला होता. आणि तो गेला त्याच दिवशी, स्मशानातून थेट येऊन, अण्णांनी त्याचा पासवर्ड बदलला होता.

"मीच बंद केलं की," म्हणत ते खाली फरशीवरच बसले. मग उठले आणि एकेका घरी स्वतः फोन लावला.

प्रोग्रॅममध्ये नवा पासवर्ड घालताना मी म्हटलं, "आता नाव तरी बदला. गेलेल्याच्या नावानं दार उघडायचं नाही, तुमचाच नियम आहे."

"हाय की," अण्णा म्हणाले. नाव काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचलो. अण्णा आधीच पडद्यासमोर बसलेले. आठ वाजले आणि ओळ उमटली : नरसय्या, प्रवेश मंजूर.

अण्णांनी शेजारची खुर्ची जरा जवळ ओढली. "आलास की रं येळंवर," ते हळूच म्हणाले.