सुमुहूर्तमधलं सात नंबरचं टेबल

कराडच्या हॉटेल सुमुहूर्तमध्ये जेवायला बसलेली माणसं व्यवस्थित कपड्यांत नसली, तर टेबल जमिनीवरून उचललं जातं. किती उचललं जाईल, ते कपड्यांवर अवलंबून असतं. बिनइस्त्रीच्या शर्टाला बोटभर, गोल गळ्याच्या टी-शर्टला चार बोटं आणि अर्ध्या चड्डीला चांगलं वीतभर. खुर्च्या मात्र जागेवरच राहतात. त्यामुळे चड्डीवाले दोघंतिघं एकत्र आले, की ताट हनुवटीपाशी येतं आणि अख्खा मसूर थेट नाकासमोर दिसू लागतो.

बाहेरगावची माणसं विचारतात म्हणून एवढं सांगितलं. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही. मध्यंतरी कोणीतरी तक्रार केली, तेव्हा नगरपालिकेचे एक इंजिनिअर पाहणीला येऊन गेले. ते पूर्ण बाह्यांचा शर्ट खोचून आले होते. साहजिकच टेबल हललं नाही, आणि 'तपासणीच्या वेळी टेबल जमिनीवर आढळले' असा शेरा पडला. लोकांनी फार आग्रह केला, म्हणून ते रविवारी घरच्या बर्म्युड्यात आले. टेबल व्यवस्थित उचललं गेलं. पण रविवारी ते खाजगी व्यक्ती असल्यामुळे त्याची नोंद घेता येईना. मग मालक मुळीक यांनी भिंतीवर पाटी लावली: 'टेबल वर गेल्यास सांडलेल्या पदार्थांची जबाबदारी ग्राहकाची. पाण्याचे ग्लास अर्धेच भरले जातील.' प्रश्न तिथं मिटला.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की इथं हिशेब माणसागणिक नसतो, टेबलागणिक असतो. एकाचं कमी पडलं तर दुसऱ्यानं भरून काढलेलं चालतं. म्हणून कॉलेजची पोरं जेवायला निघाली, की ओळखीतल्या एखाद्या कोटवाल्या आजोबांना बरोबर घेतात. आमच्या गल्लीतल्या धुमाळसाहेबांना अशी इतकी आमंत्रणं असतात, की घरी त्यांचा स्वयंपाकच धरत नाहीत. साहेब बोलत काही नाहीत. मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसतात आणि टेबल धरून ठेवतात.

माझ्या वडिलांना मात्र हे असलं भाड्याचं वजन होणं कधीच पटलं नाही. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांच्या उमेदीत हॉटेलात जाणं म्हणजे वर्षातून एखादवेळ, बोनस झाल्यावर. त्या दिवशी ट्रंकेतला शर्ट निघायचा, बुटांना पॉलिश व्हायचं, आई अंबाड्यावर गजरा माळायची. अण्णांचं म्हणणं असं, की सुमुहूर्तच्या टेबलाला जे कळतं, ते हल्लीच्या माणसांना कळत नाही.

माझा मुलगा पुष्कर पुण्याला नोकरीला आहे. शनिवारी घरी येतो, आणि आला की सोमवारी सकाळपर्यंत चड्डीतच असतो. त्याचं म्हणणं, आपण जेवायला जातो, सत्काराला नाही.

"हॉटेलात माणूस नुसता जेवायला जात नाही," अण्णा म्हणायचे. "चार लोकांत जेवताना दिसायला जातो."

"मग जेवताना बघा की. गुडघे कशाला बघता? ते टेबलाखाली असतात."

"टेबलाला दिसतात ना."

 

गेल्या दिवाळीत मात्र हे हसण्यावारी नेण्यापलीकडं गेलं. भाऊबीज उरकून आम्ही सगळे सुमुहूर्तला गेलो होतो. पुष्कर चड्डीत होता आणि मीही आळस करून दिवसभराचा चुरगळलेला शर्ट तसाच ठेवला होता. अण्णांचा एकट्याचा कोट कुठवर पुरणार? सात नंबरचं टेबल भसकन वर आलं आणि ताकाचा ग्लास अण्णांच्या अंगावर उपडा झाला. अण्णा उठले. रुमालानं कोट पुसला आणि सगळ्या हॉटेलासमोर मुळीकांना म्हणाले, "मालक, या मुलाबरोबर मी परत टेबलावर बसणार नाही." पुष्करनं आपलं जेवण बांधून घेतलं आणि एसटी स्टँडच्या बाकावर बसून खाल्लं. तिथूनच पुण्याची गाडी धरली.

तेव्हापासून आजोबा-नातवाचं बोलणं बंद. पुष्करचा फोन आला, की अण्णा टीव्हीचा आवाज वाढवायचे. शनिवारी तो आला, की त्यांना नेमकं आधी जेवून झोपायचं असायचं. माझी बायको शर्मिला दोघांची ताटं दोन वेळेला वाढून थकली. एकदा मला म्हणाली, "अहो, ते टेबल तरी बरं, खाली येतं कधीतरी."

मे महिन्यात अण्णांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. आम्ही सहस्रचंद्रदर्शनाची शांत करू म्हटलं, हॉल घेऊ म्हटलं. अण्णांनी दोन्ही नको सांगितलं. पेपर वाचता वाचता म्हणाले, "सगळे मिळून सुमुहूर्तला जेवू." 'सगळे' म्हणताना त्यांनी पेपर जरा वर धरला, त्यामुळे तोंड दिसलं नाही. पण शर्मिलानं मला कोपरानं ढोसलं. मी गॅलरीत जाऊन पुष्करला फोन लावला.

तो लगेच येतो म्हणाला. मग म्हणाला, "पण चड्डीत येणार."

मी म्हटलं, अरे, एक दिवस. तर म्हणाला, "बाबा, मी ऑफिसात पँट घालतो, लग्नात घालतो, स्मशानातसुद्धा घालतो. टेबलाच्या धाकानं घालणार नाही."

मी आत येऊन अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी घडी घालून पेपर बाजूला ठेवला.

"गुडघ्याच्या वर की खाली?"

मी परत गॅलरीत जाऊन विचारलं. वर, असं कळलं. ते येऊन सांगितलं. अण्णा "बरं" म्हणाले आणि कपाट उघडून बराच वेळ आत काहीतरी बघत राहिले. मला वाटलं, डांबराच्या गोळ्या शोधताहेत.

त्या दिवशी काय पणाला लागलंय ते मला आणि शर्मिलाला नीट ठाऊक होतं. टेबल पुन्हा वर आलं असतं, तर अण्णा पुन्हा उठले असते, आणि ऐंशीव्या वर्षी उठलेला माणूस परत कधी बसेल याची खात्री कोण देणार? म्हणून आमच्याकडून होईल तेवढी तयारी आम्ही केली. शर्मिलानं लग्नातला शालू काढला. मी लग्नातला सूट काढला. पँटचं बटण काजापर्यंत पोचेना, तेव्हा तिनं मध्ये मोठी सेफ्टी पिन लावली. श्वास घेताना मला विचार करावा लागत होता.

पुष्कर परस्पर हॉटेलवर आला. चड्डी ठरल्याप्रमाणे होती, बाजूला खिसे असलेली. वरच्या शर्टाला मात्र कॉलर होती. तेवढी सवलत त्यानं दिली होती. अण्णा तपकिरी कोट गळ्यापर्यंत बंद करून आले. अंगानं चांगले भरलेले वाटले. मला बरं वाटलं. उन्हाळ्यात माणसं उतरतात, हे उलट सुधारलेत असं मनात आलं.

आम्ही बसलो. अख्ख्या हॉटेलचं लक्ष सात नंबरकडे. मुळीक स्वतः आले, वाकून टेबलाच्या एकेका पायाखाली मेनूकार्डाचा कोपरा सरकवून पाहिला. कुठंही सरकला नाही.

"टेकलंय," ते म्हणाले आणि ग्लास काठोकाठ भरायला सांगून गल्ल्यावर गेले.

जेवण आलं. अख्खा मसूर, रोट्या, खरडा, ताक. आजोबा आणि नातू समोरासमोर, पण बोलणं माझ्यामार्फत चाललेलं. अण्णा मला विचारत, त्याला पापड तळलेला हवा का भाजलेला. मी पुष्करला विचारी. पुष्कर मला सांगे, भाजलेला. मी अण्णांना कळवी. अशा रीतीनं कांदा, लिंबू आणि पुण्यातला पाऊसपाण्याचा प्रश्न हे विषय मार्गी लागले. टेबल हललं नव्हतं. शर्मिला माझ्याकडे बघून किंचित हसलीसुद्धा.

तेवढ्यात अण्णांच्या हातातला रोटीचा तुकडा ताटात पडला. त्यांनी तो उचलला, परत पडला. कपाळावरून घामाची धार भुवईवर आली होती. कॉलर ओली झाली होती. मी सूट सांभाळत बसलेलो, माझ्या ध्यानात आलं नाही. पुष्करच्या आलं.

"अण्णा, कोट काढा."

सहा महिन्यांत तो त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. अण्णांनीही सरळ त्यालाच उत्तर दिलं.

"नको."

"निथळताय तुम्ही."

"टेबल उठेल."

पुष्कर खुर्ची सरकवून उठला, फिरून त्यांच्याजवळ गेला आणि कोटाची बटणं काढू लागला. अण्णांनी एकदा हात आडवा केला, पण त्यात जोर नव्हता. कोटाच्या आत बंद गळ्याचं जाकीट निघालं. जाकिटाच्या आत महाबळेश्वरला घेतलेला लोकरीचा स्वेटर. स्वेटरच्या आत शर्ट, त्यावर टाय, आणि त्या शर्टाच्या आत आणखी एक शर्ट, तोही इस्त्रीचा. मे महिना चालू होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

"हे सगळं कशाला घातलंय?" पुष्करनं विचारलं.

"तुझी चड्डी कोण तोलणार?" अण्णा म्हणाले. स्टोअरमधला माल सांगावा तसं, सरळ.

 पुष्करनं कोट आणि जाकीट काढून माझ्या मांडीवर दिलं. टेबल हळूच वीतभर वर आलं. स्वेटर डोक्यातून ओढताना अण्णांचे केस उभे राहिले आणि टेबल छातीपाशी आलं. शर्मिलानं लगबगीनं ग्लास खाली ठेवले आणि ताटं उतरवून आमच्या हातांत दिली. सगळं हॉटेल जेवायचं थांबलं होतं.

गल्ल्यावरून मुळीकांचा आवाज आला, "अण्णा, एक तरी राहू द्या अंगावर."

अण्णांनी वर जाणाऱ्या टेबलाकडं पाहिलं. मग मुळीकांकडं. मी पिनेवर हात ठेवून उठायच्या तयारीत होतो, कारण ते उठले की मला त्यांच्या मागं जावं लागणार होतं. अण्णांनी टाय स्वतःच्या हातानं सोडला. वरचा शर्ट उतरवला. आतल्या शर्टाची वरची दोन बटणं मोकळी केली, खुर्चीला पाठ टेकली आणि पुष्करपुढं उजवा पाय केला.

"बूट पण काढ. फार आवळलेत."

पुष्कर खाली बसून नाड्या सोडू लागला. दुसरा बूट निघाला तसं टेबल सरळ वर जाऊन छताला लागलं. फार आवाज झाला नाही. ताटं आमच्याजवळ होती. पापड तेवढे वर गेले.

मग आम्ही चौघं मांडीवर ताटं घेऊन गोल बसलो. मध्ये काहीच नव्हतं. अण्णांची नजर पुष्करच्या गुडघ्यावर गेली. तिथं खपली धरलेली लांबलचक जखम होती.

"हे काय लागलंय?"

"गाडीवरून पडलो. कात्रजला."

"कधी?"

"झाले दोनेक आठवडे."

अण्णांनी आपला डावा हात पुढं करून खपलीच्या कडेनं बोट फिरवलं. "सांगितलं नाहीस."

"तुम्ही टीव्ही मोठा करत होता."

अण्णांनी मान हलवली.  मग आपल्या ताटातली अर्धी रोटी मोडून पुष्करच्या ताटात टाकली आणि म्हणाले, "चड्डी वाईटच दिसते पण."

"स्वेटर कुठं चांगला दिसत होता?"

"तो तुझ्या आजीनं निवडलेला."

"मग चांगला होता," पुष्कर म्हणाला, आणि दोघंही जेवायला लागले.

बिल करताना मुळीकांची अडचण झाली. सात नंबरवर कुणी बसलेलंच नाही, तर सात नंबरचं बिल कसं करायचं? आणि पार्सल म्हणावं, तर माणसं आत जेवलेली. शेवटी त्यांनी विचार करून 'सात नंबरच्या खालचे' असं लिहिलं. अण्णांनी ते वाचून योग्य आहे म्हणून सांगितलं.

ते टेबल त्यानंतर खाली आलेलं नाही. मुळीकांनी धुमाळसाहेबांना कोट, मफलर आणि कानटोपीसह त्याच्याखाली दोन दुपारी बसवून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग त्यांनी वायरमन बोलावून टेबलाच्या खालच्या अंगाला ट्यूबलाइट बसवून घेतली. खुर्च्या तिथंच ठेवल्या आहेत. शनिवारी पुष्कर आला की आम्ही जातो आणि मांडीवर ताटं घेऊन बसतो. अण्णा आता पातळ सदरा घालतात. उजेड चांगला पडतो, ताटातलं नीट दिसतं.