मास्तरांचे दोन वूफर
आयुष्यभर लोकांना क्लच आणि ब्रेक सांभाळायला शिकवलेल्या माणसाला दोन वायरी जोडायला मेकॅनिक कशाला लागतो, असं मास्तरांचं म्हणणं होतं. मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवत. चूक शेजारच्या शिकाऊनं करायची आणि ब्रेक आपण दाबायचा, यातच हयात गेलेली. त्यामुळे जगात कुठंही काही बिघडलं की दोष शेजारच्या सीटवरच्याचा, ही त्यांची पक्की समजूत होती.

घरात मोठा टीव्ही होता, त्याचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा रिसीव्हर होता आणि धडामधुडुम आवाजासाठी एक वूफर होता. तरी मागच्या खेपेला मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, सिनेमा बघून उठताना एवढंच म्हणाला होता, "आमच्याकडं खिडक्या हलतात." मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी दुसरा वूफर आणला, तोही पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला, आणि मेहुण्याला रविवारी दुपारी सिनेमाला बोलावलं.

रविवारी सकाळी रिसीव्हर फिरवून पाहतात तर मागं वूफरची पिन खोचायला जागा एकच. मास्तरांनी तो बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोवर बायकोनं दुकानात फोन करून विचारलं. एका पिनेच्या दोन पिना करणारी वायर मिळते म्हणे. असल्या जुगाडावर आपला विश्वास नाही, असं वाटभर पुटपुटत मास्तर ती घेऊन आले.

एक वूफर टीव्हीशेजारी बसला, दुसरा सोफ्यामागं. तिथं सॉकेट नव्हता, म्हणून त्याची विजेची वायर स्वयंपाकघरात नेली. मास्तरांनी बटणं दाबली. सिनेमा लावण्याआधीच आवाज सुरू झाला. घूंऽऽ... कपाटात म्हैस कोंडल्यासारखा!

वायरिंग आपण केलंय म्हटल्यावर दोष तिथं असणं शक्य नव्हतं. मास्तरांनी जमिनीला कान लावला आणि ताडकन उठले. खालच्या मजल्यावर शिलाईकाकू राहत. त्यांच्या शिवणयंत्राला मोटार होती. सुतावरून स्वर्ग गाठायला तेवढं पुरे होतं.

काकूंना संध्याकाळपर्यंत एका नवरीचे ब्लाउज द्यायचे होते. तुमच्या मोटारीचा आवाज माझ्या वूफरमध्ये शिरतोय, असं मास्तरांनी त्यांना दारातच सुनावलं. काकूंनी यंत्र थांबवलं. वरून बायको ओरडली, की अजून घूं चालूच आहे. मास्तरांनी त्यांना पंखा बंद करायला लावला. मग फ्रिज. तरीही म्हैस हंबरतच होती.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातली टाचणी काढून त्या म्हणाल्या, "आता असं करा, खाली जाऊन सगळ्या इमारतीचीच वीज बंद करा. म्हणजे तुमचं समाधान होईल."

टोमणा म्हणजे काय हे मास्तरांना शिकाऊ ड्रायव्हरांनी कधी कळू दिलं नव्हतं. त्यांना ती सूचना वाटली, आणि शास्त्रशुद्ध वाटली. ते खाली गेले आणि मेन स्विचचा दांडा खाडकन ओढला.

सगळीकडे सामसूम झाली. घूं थांबलं होतं. मास्तर छाती काढून जिना चढले. दारादारांत माणसं उभी होती. त्यांना उद्देशून मास्तरांनी ठणकावलं, "सिद्ध झालं. दोष या इमारतीतल्याच कुणाच्यातरी घरात आहे."

"आहेच," बायको हळूच म्हणाली. "आपलेही वूफर बंद पडलेत ना आता."

मास्तर यावर काही बोलणार, तेवढ्यात लिफ्टच्या दारावर आतून धपाधप बुक्के बसू लागले. अडकलेला माणूस बहिणीला हाका मारत होता.

वीज परत आली तेव्हा मेहुणा बाहेर पडला तो घामानं निथळत, हातात भलंमोठं खोकं घेऊन. स्वतःच्या घरी नवा वूफर घेतल्यामुळे जुना तो मास्तरांना द्यायला आला होता. पाणी प्यायला, घूं ऐकलं आणि उठून दोन्ही वूफरच्या विजेच्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचल्या. आवाज गेला. सॉकेट वेगवेगळे असले की असं होतं कधीकधी, एवढं बोलून तो सोफ्यावर बसला. शिकाऊ माणसानं परस्पर गिअर बदलावा तसा मास्तरांना राग आला.

"तिसरा मी जोडणार," त्यांनी बजावलं. "कुणी मधे पडायचं नाही."

कुणी पडलं नाही. रिसीव्हरकडून आलेल्या दोन पिनांपैकी एकीवर पुन्हा तशीच एकीच्या दोन करणारी वायर चढली. बोर्डात जागा उरली नव्हती, म्हणून तिसऱ्याची पिन स्वयंपाकघरात गेली. मास्तरांनी बटण दाबलं.

घूंऽऽ...

मेहुण्यानं छताकडं पाहिलं. मास्तरांचा चेहरा एकदम उजळला.

"लिफ्ट!" ते म्हणाले. "वीज गेली तेव्हा तीही बंदच होती की."

पायांत चपला सरकवून ते तावातावानं निघाले. पण बायकोनं दाराला आधीच आतून कुलूप घातलं होतं, आणि किल्ली घेऊन ती भावाशेजारी सिनेमा बघत बसली होती.