वासूभाऊंची मिशी

वासूभाऊंनी मिशी उतरवली त्या सकाळी आमच्या गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही. आमच्याकडे, देवळीच्या बाजूला, भरघोस मिशीवाला माणूस अचानक सफाचट दिसला की अर्थ एकच. बाप गेला. शेजारधर्म म्हणून मी चार माणसं गोळा केली आणि खाली मान घालून त्यांच्या घरी गेलो. कडी वाजवली. दार उघडलं ते खुद्द त्यांच्या वडिलांनी, आबाजींनी!

आबाजींची नजर गेलेली. पण एवढी माणसं गप्प उभी आहेत हे त्यांनी चाहुलीवरून ओळखलं.

"कोन गेलं रे?" त्यांनी काळजीनं विचारलं.

आता काय सांगायचं? तेवढ्यात मागून वासूभाऊ आले आणि मला म्हणाले, "काई नाई जी गुर्जी. परवा शंकरपट हाय. वजन कमी केलं."

शंकरपटात बैलजोडी हलक्या छकड्याला जुंपून सरळ पट्ट्यावर सोडतात. वर हाकणारा एकटा धुरकरी, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर. वासूभाऊ धुरकरी. त्यांचं शास्त्र दोन ओळींचं. "बैलाचा जोर तेवढाच राह्यते, गुर्जी. वजन वाढलं का उठाव गेला, अन् चाक घासलं का कारभार आटोपला." हेच मी शाळेत फळ्यावर बाण काढून जन्मभर शिकवलं, पण मिशीपर्यंत मीसुद्धा कधी पोचलो नव्हतो.

"अहो, मिशीचं वजन ते किती?"

"तुमी शिकवता, गुर्जी. मी पळवतो."

पटाआधी चार दिवस ते नुसत्या ताकावर राहतात. गळ्यातला ताईत काढतात, कमरेचा करदोडासुद्धा काढतात. करदोड्याचं ऐकून माझ्या आईनं कानांवर हात ठेवले होते.

घासण्याशी तर त्यांचं हाडवैर. एरंडेलाची बाटली कायम हाताशी. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. पोहे पुढे आले आणि वासूभाऊ खुर्चीवर चढले. "गुर्जी, पंखा घासून राह्यला." एक थेंब थेट मुलाच्या वडिलांच्या टकलावर पडला. मला दे माय धरणी ठाय झालं. लग्न जमलं, पण व्याही अजूनही आमच्याकडे पंख्याखाली बसत नाहीत.

सात वर्षं वासूभाऊंचा पहिला नंबर थोडक्यात हुकत होता. यंदा सरावात जोडी अशी पळाली की सगळं गाव म्हणू लागलं, आता पट वासूचाच. मिशीचा बळी त्यासाठीच, असं मीही धरून चाललो. आबाजी स्वतः जुने धुरकरी. डोळे गेल्यापासून दरवर्षी एकच म्हणायचे, "एकदा वारं लागू दे रे तोंडाले." आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

पटाच्या दिवशी आबाजी माझ्या शेजारी बसले होते. वासूभाऊंचं नाव पुकारलं. ते छकड्यावरून उतरले, आमच्याकडे आले, बापाला लेकरासारखं उचललं, छकड्यावर पुढ्यात बसवलं आणि दुपट्ट्यानं आपल्या पोटाशी बांधलं. मी किंचाळलोच. "वासूभाऊ, डोकं फिरलं का! वजन!"

"मोजलं जी. आबाजी बेचाळीस किलो भरले. म्हनून तं मिशी काढली."

माइकवाला ओरडला, "अरे, पट हाय हा, एसटी नाई!" लोक पोट धरून हसले. जोडी सुटली ती जडच. वासूभाऊ शेवटून पहिले आले. पण पल्याड आबाजींची टोपी कुठल्या कुठे उडालेली, आणि दात नसलेलं तोंड उघडं टाकून ते हसत होते. मी इकडे रडत होतो आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

त्यानंतर वासूभाऊंनी मिशी वाढवायला घेतली. पाहता पाहता ती पहिल्यापेक्षा दाट झाली. परवा त्यांच्या दारात मी थट्टा केली, "वासूभाऊ, हे वजन काऊन वाढवून राह्यले?"

त्यांनी आत पाहिलं. आबाजी खाटेवर पडून होते. आठवड्यापासून पेजही जात नव्हती. वासूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या, गुर्जी. आबाजी गेले का उतरवाले काईतरी पाह्यजे ना."

आतून आबाजींनी विचारलं, "कोन आलं रे?"